ना जाळ, ना धूर: घरगुती रॉकेटची सोपी कृती

(पालकांसाठी. विद्यार्थ्यांनी वाचू नये.)

सातवीतल्या पोराच्या दप्तरात तळाशी एक चिठ्ठी असते: ‘तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शन. घरगुती अथवा टाकाऊ साहित्यातून कार्यरत प्रतिकृती. विद्यार्थ्याने स्वतः तयार करावी.’ शाळेनं ती पंधरा दिवस आधी दिलेली असते. घरात ती सापडते चार दिवस उरल्यावर, लोणच्याच्या डागासकट. शेवटचं वाक्य वाचून दचकू नका. ते सगळ्याच चिठ्ठ्यांवर असतं, आणि परीक्षकसुद्धा कुणाचे तरी पप्पाच असतात.

विषय निवडण्यात वेळ दवडू नका. ज्वालामुखी निम्मा वर्ग आणतो, उरलेला निम्मा पवनचक्की. ठिबक सिंचन तर पन्हाळा तालुक्यात नेऊच नका. परीक्षकांच्या उसात ते खरं चालू असतं आणि ते चुका काढतात. तुम्ही रॉकेट घ्या. रॉकेट वर गेलं तर ते विज्ञान, नाही गेलं तर ‘अनुभवातून शिक्षण’. गुण दोन्हीला आहेत.

ही कृती अगदी नवशिक्यांसाठी आहे. पोराला विज्ञान आलंच पाहिजे अशी अट नाही. तुम्हालाही नाही.

१. आधी इंधनाचा निकाल लावा

कोल्हापुरात रॉकेट म्हटलं की शेजाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘जाळ आनि धूर संगटच न्हवं?’ त्याला तिथल्या तिथे सांगून टाका, जाळ नाही आणि धूरही नाही, नुसतं पाणी. तो हिरमुसून निघून जाईल. चांगलं झालं, एक सल्लागार कमी.

दिवाळीचे उरलेले फटाके सोलून दारू गोळा करतो म्हणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्या, पेपर द्या, काडेपेटी देऊ नका. स्फोटकांचा कायदा १८८४ सालापासून आहे, आणि त्याची अंमलबजावणी बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचं मुख्यालय लांब दिल्लीत नाही, आपल्याच नागपुरात आहे. अमेरिकेत पोरांच्या रॉकेटसाठी कारखान्यात भरलेली तयार इंजिनं १९५० च्या दशकात निघाली, ती घरी नळीत दारू ठासणाऱ्यांची बोटं जाग्यावर राहावीत म्हणूनच. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळत नाहीत, आणि मामा हा त्यांना पर्याय नाही.

शिवाय घन इंधन हे चार दिवसांचं काम नव्हे. तिरुअनंतपुरमला डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकं घातलं, तेव्हा कुठे १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. आदल्या वर्षीचं उड्डाण समुद्रात गेलं होतं. तुमच्या चार दिवसांतला एक तर मेव्हण्याच्या वास्तुशांतीतच जाणार आहे.

तेव्हा पाणी आणि हवा. बाटलीत थोडं पाणी, वरच्या जागेत पंपानं कोंबलेली हवा. हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर. एवढंच. हे तुम्ही चौथ्यांदा समजावून सांगाल तेव्हा पोरगं म्हणेल, ‘ते आमाला पुस्तकात हाय.’ दुर्लक्ष करा.

२. टाकाऊ साहित्य विकत आणा

दोन लिटरची बाटली हवी, आणि ती गॅसवाल्या थंड पेयाचीच हवी. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, दाबाला टिकत नाही. गॅसवाली मुळातच दाब सोसायला बनवलेली असते. म्हणून तर तिच्या बुडाला ती पाच बोंडं असतात. टाकाऊ बाटली घरात नसेल तर भरलेली विकत आणून ती टाकाऊ करावी लागते, म्हणजे प्यावी लागते. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या घराण्यात हे काम अवघड आहे. आजोबा एक घोट घेऊन म्हणतील, ‘ह्यात काय ताकद हाय?’ त्यांना सांगा, ताकद बाटलीत आहे.

तीन बाटल्या आणा. एक उडवायची, एक फुटायची, आणि एक थोरल्या भावानं तोंड लावून फ्रीजमध्ये ठेवायची.

पंप सायकलचा, उभा, पायानं दाबून धरायचा, शक्यतो काटा असलेला. सायकलला कमी समजू नका. थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातलं पहिलं रॉकेट सुटलं, त्या काळात तिथे रॉकेटचे भाग सायकलच्या कॅरियरवरून न्यायचे आणि कचेरी होती जुन्या चर्चमध्ये. तुमच्याकडे सायकलही आहे आणि चर्चऐवजी सासूबाईंची खोली आहे. सुरुवात देशापेक्षा वाईट नाही.

३. बूच

इथे रॉकेटशास्त्र सुरू होतं आणि घरगुतीपणा संपतो.

बाटलीचं तोंड आतून साधारण २१-२२ मिलिमीटर असतं. त्यात अर्धं शिरेल आणि अर्धं बाहेर राहील असं निमुळतं रबरी बूच प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. मात्र पाच खेटे घातल्याशिवाय योग्य मापाचं मिळत नाही. बुचाला मधोमध आरपार भोक, आणि त्या भोकातून जुन्या सायकल ट्यूबचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह पंक्चरवाल्याकडे फुकट असतो. मेलेल्या ट्यूबमधून तो कापून घेताना भोवती रुपयाएवढं गोल रबर ठेवायला सांगा. हे गोल बाटलीच्या आतल्या बाजूला राहिलं की हवा कोंबताना तेच भोक झाकून धरतं. पंक्चरवाला विचारेल, ‘कशाला पायजे?’ खरं सांगू नका. खरं सांगितलंत तर तो दुकान बंद करून तुमच्याबरोबर येईल.

भोक व्हॉल्व्हपेक्षा किंचित लहान पाहिजे. या ‘किंचित’साठी काही पालक दाभण तापवून रबरात खुपसतात, आणि मग आठवडाभर घरात आमटीलाही जळक्या टायरचा वास येतो. जाणकार पालक ते करत नाहीत. ते बूच खिशात टाकून सरळ शिवाजी उद्यमनगरात जातात.

उद्यमनगरात लेथवर उभा असलेला माणूस तुमच्याकडे आधी बघणार नाही, बुचाकडे बघेल.

‘काय काढायचंय?’

‘पोराचा प्रोजेक्ट हाय. एक भोक फक्त.’

‘कितवीत हाय?’

‘सातवीत.’

‘टॉलरन्स किती ठेवू?’

इथे तुम्ही गप्प बसायचं असतं. तो व्हर्नियर काढेल, बूच मोजेल, मान हलवेल आणि सांगेल की रबराचा भरवसा नाही, ब्रासमध्ये काढू, वर ओ-रिंग बसवू, सांगलीपर्यंत जाईल. शेजारच्या मशीनवरचा ॲल्युमिनियम सुचवेल. दोघांत वाद होईल. मालक केबिनमधून बाहेर येईल आणि कागदावर नकाशा काढायला घेईल. ज्या गल्ल्यांतून इंजिनांचे सुटे भाग देशभर जातात तिथे तुम्ही ‘एक भोक फक्त’ मागायला गेला होतात, हा तुमचा अडाणीपणा. पैसे विचारलेत तर म्हणतील, ‘पोराचं काम हाय, राहू द्या.’ ब्रासचं बूच घेऊन घरी या आणि त्याला पायरीवर दोन-चारदा आपटा, चिंचेऐवजी चिखल चोळा. ते टाकाऊ दिसलं पाहिजे.

मग बाटलीत बसवून बघा आणि ब्रास निसटतंय म्हणून मूळचं रबरीच वापरा. रबरच धरतं. बूच सैल असेल तर दोन पंपांत सुटतं आणि रॉकेट कमरेएवढं उडून लाजून पडतं. अति घट्ट असेल तर सुटतच नाही, आणि तुम्ही मारत राहता. मोटारीच्या टायरमध्ये भरतो तेवढी हवा, काट्यावर तीस-पस्तीस, इथवर बूच आपणहून सुटलं पाहिजे. चाळिशी ओलांडली आणि तरी ते हललं नाही तर पंप सोडून मागे व्हा, व्हॉल्व्हची पिन लांबूनच काठीनं दाबून हवा काढा, आणि बाटलीवर वाकून ‘का सुटंना’ म्हणून बघू नका. बघायचा मोह सगळ्यात जास्त इंजिनिअर पालकांना होतो.

४. पंख

लग्नपत्रिका घ्या, जाड, खोट्या चंदनाच्या वासाची. घरात किलोभर असतातच. तीन पंख पुरतात, चारही चालतात. सगळे एका मापाचे आणि बाटलीच्या तोंडाच्या बाजूला, म्हणजे उडताना खाली येतील असे. पांढरा गोंद या प्लास्टिकला धरत नाही. गरम काही लावू नका, बाटली आकसते. चिकटपट्टी वापरा, भरपूर. ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरं बाहेरून दिसत असतील तर दिसू द्या. टाकाऊपणाचा याहून सज्जड पुरावा नाही.

पॅराशूट लावू नका. ते फक्त तक्त्यावरच्या चित्रात उघडतं.

५. नाक, आणि सासनकाठीवाल्याचा सल्ला

बाटलीच्या बुडावर जुन्या कॅलेंडरच्या पानाचा शंकू बसवा. एप्रिल घेऊ नका, मागच्या बाजूला आईनं गॅस कधी लावला ते लिहिलेलं असतं.

शंकूत वजन हवं. रिकाम्या नाकाचं रॉकेट दहा फुटांवर गेलं की आडवं होतं, मग उलटं होतं, मग मामाकडे जातं. हे का, ते विचारायला विद्यापीठात जाऊ नका. चैत्र पौर्णिमेला जोतिबावर सासनकाठी नाचवणाऱ्या कुठल्याही गड्याला विचारा. कित्येक फूट उंच, फेटे आणि झुली गुंडाळलेला तो वेळू, चारी बाजूंनी दोऱ्या धरलेली माणसं, हलगीचा कडकडाट, गुलालात डोळे उघडता येत नाहीत, आणि मधला एकटा ती काठी पेलून धरतो. त्याची नजर बुडाकडे कधीच नसते, शेंड्याकडे असते. शेंडा जिकडे कलतो तिकडे त्याचे पाय आधीच गेलेले असतात. साताऱ्याकडच्या निनाम पाडळीच्या काठीला यात्रेत पहिला मान असतो. तिथल्या माणसाला ही विद्या कुठल्या पुस्तकातून आलेली नाही.

तुमच्या रॉकेटला वर गेल्यावर पेलणारा कुणी नाही, दोऱ्या धरणारंही कुणी नाही. म्हणून त्याचा तोल आधीच पुढे आणावा लागतो: नाकात मातीचा लिंबाएवढा गोळा, आणि मागे वारा धरायला पंख. तपासायची रीत सोपी. रिकामी बाटली जिथे दोरीवर आडवी तोलते तिथे दोरी बांधा आणि अंगणात डोक्यावरून गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरली तर उडेल. शेपूट पुढे करून फिरली तर आणखी माती. ही चाचणी रात्री अकराला गच्चीवर करा. दिवसा केलीत तर गल्लीत वेगळीच बातमी पसरते.

६. पोराला काहीतरी काम द्या

नाहीतर ते मध्ये येऊन स्वतःच काही करून बसेल. चिकटपट्टीचं टोक धरणे, कात्री शोधणे, शोधलेली कात्री पप्पांच्याच हाताखाली होती हे न बोलणे, अशी कामं त्याच्या वयाला झेपतात. रॉकेटला नावही त्यालाच ठेवू द्या. तो ‘चांगभलं-१’ ठेवील, आणि ते तुमच्या ‘अग्निपुत्र’पेक्षा चांगलं असेल.

तो असंही म्हणेल, ‘पप्पा, नाकात गुलाल भरूया, पडल्यावर दिसंल.’ त्याला गप्प करा. प्रदर्शन हा गंभीर विषय आहे. तासाभरानं तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल की परदेशातले हौशी रॉकेटवाले खरोखरच रॉकेटात रंगीत पूड भरतात, ती वर आभाळात फुटली की रॉकेट नजरेत राहतं. मग गुलाल भरा आणि तक्त्यावर लिहा: ‘विशेष कल्पना’. कुणाची ते लिहायची गरज नाही.

७. तक्ता

तक्त्याशिवाय रॉकेट म्हणजे नुसती बाटली. अक्षरं आई कापते; रात्री बारापर्यंत ‘न्यूटनच्या’ कापून झालेलं असतं आणि ‘ऱ्या’ कसा कापायचा यावर घरात अबोला धरलेला असतो. तिसरा नियम ठळक लिहा: प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते. याचा पुरावा ‘ऱ्या’च्या भांडणात मिळालेलाच आहे.

शास्त्रज्ञांचे फोटो चार. कलाम हवेतच. गोवारीकर हवेत. रॉबर्ट गोडार्ड हवेत. आणि डॉ. जयंत नारळीकर. त्यांचं काम विश्वाच्या उत्पत्तीवरचं, रॉकेटशी त्याचा थेट संबंध नाही, पण त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला. कोल्हापूरच्या परीक्षकासमोर हा संबंध पुरेसा आहे.

भाषणही तक्त्याबरोबरच पाठ करून घ्या. ‘नमस्कार, मी माझ्या कल्पकतेतून...’ इथपर्यंत पोरगं नीट म्हणतं. पुढे घोटाळा परीक्षकांच्या प्रश्नाला होतो. ते पंखाला बोट लावून विचारतात, ‘बाळ, हे कशासाठी?’ आणि बाळ खरं उत्तर देतं, ‘पप्पांनी लावलंय.’ याची तालीम करा.

८. चाचणी उड्डाण: जागा

गच्ची नको, मैदान नको. जोतिबाचा डोंगर घ्या. कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटर, एसटी थेट जाते, आणि मुख्य म्हणजे उंची फुकट मिळते. डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट. तुमच्या बाटलीनं चांगलं मनावर घेतलं तर ती शंभरेक फूट जाईल. तक्त्यावर लिहा: ‘गाठलेली उंची: ३,२०० फूट.’ खोटं काहीच नाही. एकतीसशे फूट डोंगरानं आणि एसटीनं दिले एवढा तपशील लिहायला तक्त्यावर जागा नसते.

वार मात्र बघून जा. रविवार देवाचा. रविवारी वाडी रत्नागिरीत पाय ठेवायला जागा नसते, आणि माघात तर कोल्हापूरहून कुशिरे, गायमुख करत अनवाणी खेटे घालणारे असतात. पहाटेपासून चालून आलेल्या माणसाच्या टाळक्यात तुमची विज्ञानदृष्टी पडू नये. मंगळवार-बुधवार गाठा. आधी दर्शन घ्या. देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधून घेतलेलं, काळ्या दगडाचं आहे. तुमच्या बाटलीनं त्याला काही होणार नाही, पण तरी शिखराच्या आसपास प्रयोग नको. गाव, दुकानं, गुरं सोडून लांब मोकळ्या सड्यावर जा.

तोंड पन्हाळ्याकडे करू नका. समोरच दिसतो, मोह होतो. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफगोळे घेऊन पन्हाळ्यावर मारा करायला आले होते. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि ते गोरे कैदेत पडले. पन्हाळ्याच्या दिशेनं काही सोडणाऱ्यांचा पूर्वानुभव हा असा आहे.

रॉकेटमध्ये जीव घालून पाठवायची कल्पना पोराच्या डोक्यात येईल. तीही नवी नाही. १९३५ साली स्टीफन स्मिथ नावाच्या कलकत्त्याच्या गृहस्थांनी दामोदर नदीच्या पलीकडे रॉकेटमधून एक कोंबडा आणि एक कोंबडी पाठवली होती, आणि दोन्ही जिवंत उतरली. आपल्या जिल्ह्यात कोंबडीचा प्रवास तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या दिशेनंच होतो, आणि जोतिबाला नैवेद्य पुरणपोळीचा. विषय तिथेच संपवा.

९. चाचणी उड्डाण: प्रत्यक्ष

बाटलीत एक तृतीयांश पाणी घाला. जास्त घातलंत तर जड होते आणि हवेला जागा राहत नाही. कमी घातलंत तर ‘फट्’ आवाज होऊन संपतं. पाणी नळाचं घ्या. पंचगंगेचं नको, तोंडात जलपर्णी अडकेल.

बूच दाबून, पिळून बसवा. बाटली उलटी करून तीन विटांच्या मध्ये उभी करा, नाक आभाळाकडे. पंपाची नळी होईल तेवढी लांब. बघणाऱ्यांना तीस पावलं मागे रेटा. ते पुढे येतील, पुन्हा रेटा. एव्हाना सड्यावर दोन गुराखी, एक नवविवाहित जोडपं आणि कुठून तरी तो पंक्चरवाला आलेला असतो.

पंप तुम्ही मारायचा. पोरगं ‘मी मारतो’ म्हणेल. हे तांत्रिक काम आहे असं सांगा. उलटी मोजणी पाचपासून करा. दहापासून केलीत तर बूच सहालाच सुटतं आणि रॉकेट गेल्यावर तुम्ही एकटेच ‘चार, तीन’ म्हणत उभे राहता.

पंधरा पंप. वीस पंप. बुचाभोवती पाण्याचा एक थेंब जमतो, थरथरतो, गळत नाही. काटा तिशीवर. विटेवर ओल उतरते. कुणीतरी म्हणतं, ‘न्हाई उडत हे.’ आणि तेवढ्यात ते जातं. पाणी सगळंच्या सगळं पापणी लवायच्या आत बाहेर पडतं, आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे ज्या दिशेला रॉकेट नसतं त्या दिशेला तुम्ही असता. डोळे पुसून वर बघेपर्यंत निम्मा प्रवास झालेला असतो. आजूबाजूचे ‘चांगभलं’ म्हणून ओरडतात. पुतण्यानं रेकॉर्डिंगचं बटण आत्ता दाबलेलं असतं; त्याच्या व्हिडिओत नऊ सेकंद तुमचा ओला सदरा आहे.

तीन-चार सेकंदांत सगळं आटोपलं म्हणून खट्टू होऊ नका. १६ मार्च १९२६ ला गोडार्डनी मॅसॅच्युसेट्समध्ये नात्यातल्या एफी ‘मावशी’च्या शेतात जगातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं. ते अडीच सेकंद उडालं, ४१ फूट वर गेलं आणि कोबीत पडलं. तुमचं त्याहून वर गेलं. सासरे हसले तरी सोसा: न्यूयॉर्क टाइम्सनं १९२० साली गोडार्डना शाळेतलं विज्ञानही येत नाही असं अग्रलेखात लिहिलं, आणि दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ ला, चंद्राकडे माणसं निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. सासऱ्यांना तेवढी मुदत द्या.

१०. प्रदर्शन

आता मुख्य दिवस. शाळेचं सभागृह, वर पत्रा, पत्र्याला पंखे. आत रॉकेट उडवायला परवानगी नाही, हे तुम्हाला टेबल मिळाल्यावर कळतं. बाहेर उडवू का विचाराल तर मैदानात मंडप आहे. तेव्हा ‘चांगभलं-१’ टेबलावर उभं करा, विटांना सोनेरी कागद लावा आणि समोर पाटी ठेवा: ‘कार्यरत प्रतिकृती. कृपया हात लावू नये.’

डावीकडच्या टेबलावर एक बाई मुलीच्या ज्वालामुखीत खायचा सोडा घालत असतात आणि मुलगी खुर्चीवर बसून वेफर्स खात असते. उजवीकडे एक गृहस्थ पवनचक्की फिरेना म्हणून पट्टी हलवत वारा घालतात. एकमेकांकडे बघून हसा. सगळे सहकारीच आहेत. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येतील, रॉकेटसमोर थांबतील, ‘हे खरंच उडतं का?’ विचारतील आणि उत्तर ऐकायच्या आत फोटोसाठी वळतील. त्या फोटोत पोरगं निम्मं येतं. तुम्ही पूर्ण येता.

पहिला नंबर हात जवळ नेला की झाकण उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याला मिळतो. तो आणणाऱ्या मुलाचे पप्पा उद्यमनगरात असतात.

नेहमीच्या अडचणी आणि उपाय

*रॉकेट उडालंच नाही.* बूच बघा. बूच ठीक असेल तर पंप बघा. पंप ठीक असेल तर मामा नळीवर उभा आहे.

*सरळ न जाता आडवं गेलं.* नाकात माती वाढवा. जोडप्याची माफी मागा.

*बाटली पांढरी पडली किंवा चरा दिसला.* टाकून द्या. ती आता खरोखर टाकाऊ आहे.

*रॉकेट सापडत नाही.* नाकात गुलाल होता, तेव्हा जमिनीवर गुलाबी दिसेल तिथे शोधा. जोतिबावर ही खूण फारशी उपयोगी पडत नाही.

*परीक्षकांनी खर्च विचारला.* ‘शून्य. सगळं घरातलं.’ ब्रासचं बूच खिशातच राहू द्या.

*पोरगं म्हणतंय, ‘पप्पा, आता तरी मी पंप मारू?’* पाणी संपलं म्हणून सांगा.